न जळालेले कागद

बॉस्टन शहरातला सिम्फनी रोड काही मोठा रस्ता नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत गेलं तरी पाच-सात मिनिटांत संपतो. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या जुन्या इमारती आहेत, चार-पाच मजली, एकमेकींना खेटून उभ्या. शेजारीच शहराचं प्रसिद्ध संगीतगृह आहे, सिम्फनी हॉल. रस्त्याचं नाव त्यावरूनच पडलं. १९७०च्या दशकात या इमारतींमध्ये विद्यार्थी राहत, पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं राहत, हातावर पोट असलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहत. दशकाच्या मध्याला या रस्त्यावर आगी लागू लागल्या. एक विझली की काही दिवसांनी दुसरी लागायची, बहुधा रात्री.

तक्रार घेऊन गेलेल्यांना ठरलेली उत्तरं मिळत. वायरिंग जुनी आहे. कोणीतरी पेटती सिगारेट घेऊन झोपलं असेल. रिकाम्या खोल्यांमध्ये दारुडे शेकोटी करतात. गरीब वस्तीत आग लागली की दोष वस्तीचा, हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडेही झोपडपट्टी जळाली की पहिलं वाक्य गॅस सिलिंडरबद्दलचं असतं.

सप्टेंबर १९७६ मध्ये अशाच एका आगीत चार वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर रस्त्यावरचे भाडेकरू एकत्र आले आणि त्यांनी संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘स्टॉप’, म्हणजे ‘थांबा’, हा शब्द होई. त्यांच्यात गणित शिकवणारा डेव्हिड स्कॉन्ड्रस नावाचा तरुण होता. या लोकांनी मोर्चे काढले, घोषणा दिल्या, पण त्यांचं खरं काम दुसरंच होतं. ते दस्त नोंदणी कार्यालयात जाऊन बसले.

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. जळालेल्या इमारतींची यादी करायची आणि प्रत्येकीची खरेदीखतं, गहाणखतं, कराची थकबाकी, पालिकेच्या नोटिसा पाहायच्या, असा सरळ विचार त्यांनी केला. जमिनीच्या भानगडीत गावचा म्हातारा आधी सात-बारा आणि फेरफार काढायला सांगतो, तसंच हे. कागद सार्वजनिक होते, कोणीही मागावेत आणि पाहावेत. पोलिसांनी ते पाहिले नव्हते, कारण आग हा अग्निशामक दलाचा विषय. अग्निशामक दलाने पाहिले नव्हते, कारण खरेदीखत हा त्यांचा विषय नाही.

कागदांतून जे वर आलं ते विलक्षण एकसारखं होतं. त्याच त्या चार-दोन मालकांची नावं पुन्हा पुन्हा येत. इमारत थोड्या काळात दोन-तीनदा विकली जाई, दर वेळी किंमत चढे. पण विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या ओळखीचे, कधी एकाच धंद्यातले भागीदार. कर थकलेला असे. गळतं छप्पर आणि बंद पडलेली शेगडी यांवरून पालिकेच्या नोटिसा लागलेल्या असत. मग विम्याची रक्कम वाढवली जाई. मग आग लागे.

त्या काळातल्या अमेरिकेत इमारत जाळणं फायद्याचं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९३०च्या दशकापासून सरकारी नकाशांवर गरीब आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जात. त्या लाल भागात बँका कर्ज देत नसत. पुढे विमा कंपन्यांनीही हात आखडता घेतला. १९६७ मध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइटमध्ये दंगली पेटल्या, तेव्हा उरलेसुरले विमेही रद्द होऊ लागले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यू जर्सीचे गव्हर्नर रिचर्ड ह्यूज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १९६८ मध्ये कायदा झाला. राज्याराज्यांत ‘फेअर’ नावाच्या योजना निघाल्या. राज्यातल्या सर्व विमा कंपन्यांनी मिळून सामायिक गंगाजळी करायची आणि केवळ वस्ती वाईट आहे म्हणून कोणाला विमा नाकारायचा नाही, अशी ती कल्पना होती.

हेतू चांगलाच होता. बारीक अक्षरातला मजकूर मात्र कोणी नीट वाचला नाही. तोटा झाला तर तो सर्व कंपन्यांनी आपापल्या धंद्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचा होता, म्हणजे कोणा एकीच्या खिशाला तो बोचणार नव्हता. बोचलाच तर पुढल्या वर्षी हप्ते वाढवून गिऱ्हाइकांकडून वसूल करता येणार होता. अशा पैशाची राखण कोण करतो? इमारत बाजारात किती किमतीची आहे याकडे न बघता तिच्यावर मोठाल्या रकमा लिहिल्या गेल्या. दलालाला कमिशन हप्त्यावर मिळे, त्यामुळे रक्कम जितकी मोठी तितका त्याचा फायदा.

समजा, पाच हजार डॉलरांना कोणी घेणार नाही अशी एक इमारत आहे. भाडं नियंत्रित आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर हिवाळ्यात ती गरम ठेवायचा खर्च भाड्याहून जास्त येतो. दुरुस्तीला बँक कर्ज देत नाही. मुंबईतल्या पागडीच्या चाळीचा मालक अशा वेळी काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तो काहीच करत नाही आणि इमारत आपोआप पडायची वाट बघतो. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या मालकाला मात्र वाट बघायची गरज उरली नव्हती. उभ्या इमारतीची किंमत पाच हजार, जळालेलीची पन्नास हजार. उरला प्रश्न सुपारी घेणाऱ्याचा. धंद्यात त्याला ‘टॉर्च’ म्हणत, म्हणजे मशाल. काही शे डॉलरांत मशाल मिळत असे.

हा खेळ सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालला तो न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समध्ये. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या सात जनगणना-विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीने वा ओस पडून नाहीशा झाल्या. चव्वेचाळीस विभागांत निम्म्याहून जास्त गेल्या. मुलं बूट घालून झोपत, असं तिथली माणसं अजून सांगतात. सगळ्याच आगी मालकांनी लावलेल्या नव्हत्या. वायरिंगही जुनं होतं, नशेबाजही होते, आणि जळक्या इमारतीतले तांब्याचे पाइप उपटून विकणाऱ्यांना आग सोयीचीच होती. शिवाय गणिती प्रारूपांचा आधार घेऊन पालिकेने नेमक्या आगी लागणाऱ्या वस्त्यांमधलीच बंबकेंद्रं बंद केली होती. १९७५ मध्ये पालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि आगविझव्यांचीही कपात झाली. कारणांची अशी गुंतवळ असली की त्यात एक धागा सहज लपतो.

लपायला मदत करणारे मोठमोठे लोक होते. निक्सन यांचे सल्लागार डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९७० मध्ये राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या टिपणात या आगींना वस्तीच्या सामाजिक विकृतीचं लक्षण ठरवलं होतं. ‘आपलंच घर जाळणारी माणसं’ हे चित्र मध्यमवर्गाला पटलं, आणि एकदा पटलेलं चित्र कोणी दस्त नोंदणी कार्यालयात जाऊन तपासत नाही. ५ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर ब्राँक्समधल्या शार्लट स्ट्रीटवर आले आणि विटांच्या ढिगांमध्ये उभे राहिलेले त्यांचे फोटो जगभर छापले गेले. आठवड्याभराने यँकी स्टेडियममध्ये बेसबॉलचा मोठा सामना सुरू असताना आकाशातल्या कॅमेऱ्याने जवळच जळत असलेली एक ओसाड शाळा टिपली. समालोचक हॉवर्ड कोसेल तेव्हा ‘सभ्य स्त्री-पुरुषहो, ब्राँक्स जळतंय’ असं म्हणाले, ही दंतकथा अमेरिकेत घरोघर माहीत आहे. त्या रात्रीच्या चित्रफितींमध्ये हे वाक्य नाही. पण घटनेपेक्षा वाक्य टिकतं, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

याच काळात हजारो मैलांवर लंडनच्या लॉइड्समध्ये एक प्रहसन घडत होतं. लॉइड्स ही कंपनी नव्हे, बाजार. त्यात सिंडिकेटं असत आणि त्यांच्यामागे ‘नेम्स’ म्हटले जाणारे श्रीमंत लोक आपली सगळी मालमत्ता तारण ठेवून उभे असत. नफा मिळाला तर भरपूर, तोटा झाला तर अंगावरच्या कोटाच्या बटणापर्यंत. टिम सास यांच्या सिंडिकेटने अमेरिकेतल्या डेन-हार नावाच्या एका एजन्सीला आपल्या नावाने विमे लिहायचा अधिकार दिला. त्या एजन्सीला लॉइड्सची रीतसर मान्यताही नव्हती. तिने ज्या इमारतींचे विमे लिहिले त्यांत दक्षिण ब्राँक्समधल्या पडक्या इमारती मुबलक होत्या. त्या जळू लागल्या आणि दावे लंडनला पोचू लागले. सास यांनी यातला बराच धोका ब्राझीलच्या सरकारी पुनर्विमा संस्थेकडे वळवला होता. तिने पैसे द्यायला साफ नकार दिला. तोटा दोन कोटी पौंडांच्या घरात गेला आणि तो शंभरावर ‘नेम्स’च्या डोक्यावर आला. इंग्लंडमधल्या बागबगीच्यांच्या घरांत राहणाऱ्या या माणसांनी ब्राँक्स नकाशातही पाहिलं नसेल. त्यांनी पैसे भरायला नकार दिला आणि लॉइड्सच्या इतिहासात न घडलेलं बंड झालं. शेवटी १९८० मध्ये लॉइड्सला स्वतःच मोठा वाटा उचलावा लागला. १९८२ मध्ये ब्रिटिश संसदेने लॉइड्ससाठी नवा कायदा केला, त्यामागच्या कारणांत हे प्रकरणही होतं.

गंमत अशी की या रोगाचं औषध लंडनलाच दोनशे वर्षं ठाऊक होतं. १६६६च्या भीषण आगीनंतर तिथे आगीचा विमा जन्मला आणि त्याच्या पाठोपाठ विम्यासाठी आग लावणारेही जन्मले. १७७४ मध्ये संसदेने लंडनपुरता आग-प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या ८३व्या कलमात विम्याच्या लोभाने स्वतःचं घर पेटवणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. उपाय एका ओळीत सांगता येतो. आगीबद्दल संशय असेल तर मालकाच्या हातात रोकड ठेवू नका, त्या पैशांतून घरच पुन्हा बांधून द्या. घर हवं असलेल्या माणसाचं यात काही बिघडत नाही, पैसे हवे असलेल्याचं सगळंच बिघडतं. १९६८च्या अमेरिकी योजना आखणाऱ्यांपैकी कोणी हे कलम चाळलं असतं तर ब्राँक्समधल्या किती इमारती वाचल्या असत्या, याचा हिशेब मी मनात अनेकदा करून पाहतो.

आग लावल्याचं सिद्ध करणं फौजदारी वकिलाला नकोसं वाटणारं काम आहे. खुनात प्रेत उरतं, चोरीत रिकामी तिजोरी उरते. आगीत पुरावा गुन्ह्याबरोबरच जळतो, उरलेला बंबाच्या पाण्यात वाहून जातो. मालक त्या रात्री दोनशे मैलांवर कोणाच्या तरी लग्नात असतो आणि त्याचे पंचवीस साक्षीदार असतात. विमा कंपनीला संशय आला तरी ती पोलिसांकडे जायला कचरे, कारण आरोप सिद्ध झाला नाही तर मालक बदनामीचा दावा लावेल. त्यापेक्षा पैसे देऊन मोकळं व्हावं.

राखेतून सत्य काढण्याचा दावा करणारे तपासनीस होते, पण त्यांची विद्या बरीचशी ऐकीव होती. मगरीच्या पाठीसारखे खवले पडलेलं जळकं लाकूड, जाळीदार तडा गेलेली काच, जमिनीवर डबक्याच्या आकाराचे डाग, अशा खुणा दिसल्या की पेट्रोल ओतलं होतं, असं ते शपथेवर सांगत. १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला लाइम स्ट्रीटवरच्या आगीच्या एका खटल्यात सरकारी पक्षाने शेजारचं तसंच घर मुद्दाम पेटवून पाहिलं. पेट्रोलचा थेंब न वापरता पाच मिनिटांच्या आत खोली पूर्ण पेटली आणि जमिनीवर तेच डाग उमटले. आरोपीवरचा खटला मागे घेतला गेला. जाळीदार काच तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडल्यानेही होते, हेही त्याच सुमारास कळलं. १९९२ मध्ये आगीच्या तपासाची पहिली शास्त्रीय मार्गदर्शिका निघाली. तोवर जुन्या ठोकताळ्यांवर अनेकजण तुरुंगात गेले होते, आणि त्यानंतरही २००४ मध्ये टेक्सासमध्ये आपल्या तीन मुलींना जाळल्याच्या आरोपावरून एका बापाला मृत्युदंड दिला गेला. त्याच्याविरुद्धचे आगीचे पुरावे शास्त्राला मान्य नाहीत, असं पुढे तज्ज्ञांनी सांगितलं. म्हणून मला सिम्फनी रोडच्या भाडेकरूंचं कौतुक जास्त वाटतं. राखेची भाषा येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जे वाचता येतं तेच वाचलं.

ते आपली बाडं घेऊन मॅसॅच्युसेट्सचे ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बेलोटी यांच्या कार्यालयात गेले. फौजदारी विभागाचे प्रमुख स्टीफन डेलिन्स्की यांनी ऐकून घेतलं. सुरुवातीला त्यांनाही हे थोडं अतीच वाटलं असणार. कोणीतरी मिळून सगळा रस्ता जाळतंय, ही कल्पना वेडसर वाटण्यासारखीच आहे. पण यापुढे कोणत्या इमारती पेटतील याचा अंदाजही भाडेकरू कागदांवरून बांधू लागले होते, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पुढे टोळीतलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला आणि कोणाकडून कोणाला किती मिळाले, हे सांगू लागला.

ऑक्टोबर १९७७ मध्ये, कार्टर शार्लट स्ट्रीटवर उभे राहिले त्याच महिन्यात, ३३ जणांवर आरोपपत्रं दाखल झाली. त्यांत घरमालक होते, वकील होते, नुकसानीचा अंदाज बांधणारे विम्याचे लोक होते. अग्निशामक दलाशी संबंधित माणूस होता. आगीची कारणं शोधणाऱ्या राज्याच्या विभागातला पोलीस अधिकारीही होता. म्हणजे जाळणारा, जळालेलं मोजणारा आणि का जळालं ते लिहिणारा, सगळे एकाच पंगतीला बसले होते. भाडेकरूंच्या तक्रारींवर कोरी उत्तरं का मिळत होती, याचाही उलगडा झाला. आरोपींपैकी बहुतेकांना शिक्षा झाल्या.

न्यूयॉर्कमध्ये सामान्य माणसांची लढाई जरा वेगळ्या तऱ्हेने चालली. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातलं २१२ क्रमांकाचं बंबकेंद्र नोव्हेंबर १९७५ मध्ये पालिकेने बंद केलं. वस्ती बहुतांशी पोलिश कामगारांची होती. ॲडम व्हेनेस्की या दुकानदाराच्या पुढाकाराने लोक केंद्रात शिरले, बंब बाहेर नेऊ दिला नाही आणि सोळा महिने तिथेच मुक्काम ठोकून राहिले. शेवटी पालिकेला नमावं लागलं. हेच लोक पुढे आपल्या वस्तीतल्या संशयास्पद आगींचे कागद जमवू लागले. ब्राँक्समध्ये लाल टोप्या घातलेले तपासनीस आगीच्या वस्त्यांमध्ये मुद्दाम दिसतील असे फिरवले गेले. कोणीतरी बघतंय, एवढं जाणवलं तरी मशालवाल्याचा भाव वाढतो.

सुधारणा कंटाळवाण्या असतात, त्यामुळे त्यांचे पोवाडे कोणी रचत नाही. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराने सिम्फनी रोडची युक्ती यंत्राला शिकवली: थकलेला कर, पालिकेच्या नोटिसा, मालमत्तेवरचे बोजे, आधीच्या छोट्या आगी, हे सगळं जुळवून धोक्याच्या इमारतींची यादी काढायची आणि मालकाला तुमच्यावर लक्ष आहे हे आधीच कळवायचं. संशय कळवणाऱ्या विमा कंपनीवर दावा लागू नये, असे कायदे राज्याराज्यांत झाले. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने १९७८ मध्ये सुपारीच्या आगींवर सुनावण्या घेतल्या. राष्ट्रीय गुन्हेगारीच्या आकडेवारीत जाळपोळीला तोवर खून-दरोड्यांच्या पंगतीत जागा नव्हती, ती त्याच वर्षी संसदेच्या सांगण्यावरून मिळाली आणि १९८२च्या कायद्याने कायम झाली.

मला सर्वांत आवडणारी तरतूद मॅसॅच्युसेट्समधली आहे. इमारतीचा आगीचा दावा चुकता करण्याआधी विमा कंपनीने पालिकेकडून थकबाकीचा दाखला घ्यायचा, आणि कर किंवा पाणीपट्टी थकली असेल तर ती त्या पैशांतून आधी वळती करायची. म्हणजे ज्या मालकाने वर्षानुवर्षं कर बुडवून इमारत पिळून तिचं चिपाड केलं, त्याच्या लुटीतून पहिला घास पालिकेचा कारकून काढून घेणार. त्यात सायरन नाही, पाठलाग नाही, एका खिडकीवर मिळणारा शिक्का आहे.

१९८०च्या आसपास न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडच्या होबोकेनमध्ये मात्र उलटंच घडू लागलं. तिथे जागांचे भाव चढत होते आणि नियंत्रित भाड्यातले भाडेकरू अडसर झाले होते. तिथल्या संशयास्पद आगींत कित्येक माणसं गेली, त्यांत लहान मुलं बरीच. विम्याच्या पैशांपेक्षा तिथे रिकामी जागाच जास्त मोलाची झाली होती. खटले मात्र फारसे उभे राहिले नाहीत.

शार्लट स्ट्रीटवर १९८०च्या दशकात छोटी, बैठी, अंगणवाली घरं बांधली गेली. ती बांधणारे एडवर्ड लोग हे १९६०च्या दशकात बॉस्टनच्या पुनर्रचनेचे सर्वेसर्वा होते. डेव्हिड स्कॉन्ड्रस १९८३ मध्ये बॉस्टनच्या नगरपरिषदेवर निवडून आले. सिम्फनी रोडवर जळून पाडलेल्या इमारतींच्या जागी रहिवाशांनी आधी राडारोडा उपसला, मग माती आणून टाकली आणि वाफे पाडले. ती बाग अजून आहे. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच भिंती आणि मधल्या फटीत टोमॅटो, घेवडा, सूर्यफुलं. शेजारच्या इमारतीत आज एक खोली भाड्याने घ्यायची, तर १९७६ मधल्या त्या भाडेकरूंपैकी कोणालाही परवडणार नाही.